चर्चच्या हातून आधी वही गेली

प्रश्न असा आला आहे: एकोणिसाव्या शतकात युरोपातले समाज धर्मापासून दूर गेले ते नेमकं कशामुळे? डार्विन आला, विज्ञानाने बायबल खोटं पाडलं आणि लोकांचा देवावरचा विश्वास उडाला, हे शाळेपासून ऐकलेलं उत्तर खरं आहे का? आणि त्याच काळात आपल्याकडे तसं काही झालं का?

आधुनिक युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हा प्रश्न दर तुकडीत कुणीतरी विचारतंच. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

विश्वास उडाला तो थोड्यांचा, आणि तोही बऱ्याच उशिरा. त्याआधी वेगळंच काही घडलं होतं. जन्माची नोंद, लग्न, मयत, शाळा, विद्यापीठ, कोर्टातली शपथ, गावातला कर, पुरण्याची जागा ही सगळी कामं चर्चच्या ताब्यात होती. ती एकेक करून सरकारकडे किंवा नगरपालिकेकडे गेली. हे घडवून आणणाऱ्यांत नास्तिक थोडे होते. निदान इंग्लंडमध्ये तरी बहुतेक जण चांगले श्रद्धाळू होते, फक्त राज्यमान्य पंथाचे नव्हते. हे लक्षात घेतलं नाही तर एकोणिसावं शतक समजतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडपासून सुरुवात करते, कारण तिथे क्रांती न होता कायद्यामागून कायदा होत गेला आणि प्रत्येक पायरी तपासता येते. 1800 च्या सुमारास अँग्लिकन चर्च हे तिथलं राज्याचं चर्च होतं. बॅप्टिस्ट, युनिटेरियन, क्वेकर, कॅथलिक, ज्यू हे सगळे त्याच्या बाहेरचे. 1753 च्या कायद्याप्रमाणे क्वेकर आणि ज्यू वगळता प्रत्येकाने लग्न अँग्लिकन चर्चमध्ये, अँग्लिकन पाद्र्यासमोर आणि अँग्लिकन शब्दांतच लावायचं. नाहीतर ते लग्न कायद्याने लग्नच नव्हे. आता युनिटेरियन लोक ख्रिस्ती असले तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रयी मानत नाहीत. तरी लग्नाच्या दिवशी त्यांना त्या त्रयीच्या नावानेच वचन द्यावं लागे. काही जोडपी तर ऐन विधीच्या वेळी पाद्र्याच्या हातात लेखी निषेध ठेवत आणि मग लग्न लावून घेत.

जन्माच्या नोंदीचंही तेच. सरकारी दाखला असा प्रकारच नव्हता. तुमचं वय काय, आईबाप कोण, वारस कोण हे सिद्ध करायचं तर गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही उघडायची. बॅप्टिस्ट पंथात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करतच नाहीत, मोठेपणी समजून-उमजून करतात. म्हणजे त्यांच्या मुलांचं नाव त्या वहीत येण्याचा प्रश्नच नव्हता. पंथाबाहेरच्या लोकांनी लंडनमध्ये स्वतःची जन्मनोंदवही ठेवली होती, पण कोर्टात तिला चर्चच्या वहीइतकं वजन नव्हतं. जमिनीच्या आणि वारसाहक्काच्या दाव्यांत याचा फार त्रास होई.

म्हणून ही वही चर्चबाहेर काढा अशी मागणी त्यांनी लावून धरली. 1836 मध्ये दोन कायदे झाले, एक जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा आणि दुसरा विवाहाचा, आणि 1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी निबंधक नोंदी करू लागले. आता लग्न आपल्या पंथाच्या प्रार्थनागृहात करता येत होतं, किंवा कसलाही धार्मिक विधी न करता थेट निबंधकाच्या कचेरीतही. तरी किती जणांनी कचेरीत लग्न केलं? सुरुवातीला अगदी थोड्यांनी. शतक संपतानासुद्धा बहुतेक लग्नं देवाच्या दारातच होत होती. म्हणजे हक्क मिळाला म्हणून लोक धर्म सोडून पळाले नाहीत. बदलला तो पाया: लग्न वैध ठरवणारी सत्ता आता पाद्र्याची राहिली नाही, संसदेची झाली.

या वहीचा दुसरा परिणाम कुणाच्याच मनात नव्हता. चर्चच्या वहीत दफनाची नोंद असे. नव्या वहीत मृत्यूचं कारण लिहिण्याचा रकाना आला. विल्यम फार नावाचा एक वैद्यकशास्त्र शिकलेला माणूस 1839 च्या सुमारास निबंधकाच्या मुख्य कचेरीत रुजू झाला आणि त्या रकान्यातून त्याने देशाच्या आरोग्याचं चित्र उभं केलं. कोणत्या वस्तीत किती माणसं कशाने दगावतात हे दर आठवड्याला छापून येऊ लागलं. 1854 च्या कॉलऱ्यात जॉन स्नो या डॉक्टरने रोग पाण्यातून पसरतो हे दाखवलं, ते याच मृत्युनोंदींच्या आधाराने.

1832 मध्ये कॉलरा आला होता तेव्हा देशभर उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला होता. 1853 मध्ये पुन्हा साथ आली. एडिंबराच्या धर्ममंडळाने गृहमंत्री पामरस्टनना विचारलं, या वेळीही राष्ट्रीय उपवासाचा दिवस जाहीर होणार का? पामरस्टनचं उत्तर प्रसिद्ध आहे. आशय असा की आधी गरिबांच्या वस्त्यांमधली घाण काढा, तोवर नुसत्या प्रार्थनेने काही व्हायचं नाही. पामरस्टन नास्तिक नव्हते. देवाने सृष्टीला नियम घालून दिले आहेत, ते पाळणं हे माणसाचं काम, अशी त्यांची मांडणी होती. माझ्या मते एकोणिसाव्या शतकाचा स्वभाव या एका पत्रात सापडतो. देव नाकारलेला नाही. कॉलऱ्याचं खातं मात्र देवाकडून नगरपालिकेकडे गेलं आहे. बदल सरळ रेषेत होत नाही हेही इथेच दिसतं. चारच वर्षांनी, 1857 च्या आपल्याकडच्या उठावानंतर, 7 ऑक्टोबरला ब्रिटनमध्ये पुन्हा राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळला गेला आणि हिंदुस्थानातल्या संकटाला राष्ट्राचं पाप कारण आहे अशी प्रवचनं त्या दिवशी झाली.

आता शपथेचा प्रश्न. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबते.

सरकारी पद हवं तर अँग्लिकन पद्धतीने प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, विधी घेतलेला असावा लागे. ही अट 1828 मध्ये गेली. 1829 मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली. 1833 मध्ये जोसेफ पीझ हे क्वेकर सभासद शपथेऐवजी प्रतिज्ञा करून, म्हणजे देवाला साक्षी न ठेवता वचन देऊन, आत आले, कारण क्वेकरांच्या धर्मात शपथ घेणंच निषिद्ध. लायोनेल डी रॉथशिल्ड 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आले, पण शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेनिशी’ अशा अर्थाचे शब्द होते आणि ते ज्यू होते. कनिष्ठ सभागृह कायदा करी, उमरावांचं सभागृह तो फेटाळी, आणि लंडनचे मतदार पुन्हा त्यांनाच निवडत. प्रत्यक्ष आसनावर बसायला त्यांना 1858 उजाडलं. लक्षात घ्या, इथपर्यंत लढणारा प्रत्येक जण आपल्या धर्मासाठी लढत होता. कॅथलिकाला कॅथलिक राहून, ज्यूला ज्यू राहून नागरिक व्हायचं होतं. पण प्रत्येक वेळी दार थोडं रुंद झालं, आणि शेवटी त्या दारात देव न मानणारा माणूस येऊन उभा राहिला.

तो माणूस चार्ल्स ब्रॅडलॉ. 1866 मध्ये त्यांनी राष्ट्रीय इहवादी (सार्वजनिक व्यवहार धर्मापासून वेगळा ठेवू पाहणारी) संस्था काढली होती. 1877 मध्ये ॲनी बेझंट यांच्यासोबत संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला होता. हो, पुढे हिंदुस्थानात आलेल्या त्याच बेझंटबाई. 1880 मध्ये चांभारकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्थॅम्प्टन गावाने ब्रॅडलॉंना निवडून दिलं. त्यांनी क्वेकरांप्रमाणे प्रतिज्ञा करू द्या अशी विनंती केली. सभागृह नाही म्हणालं. मग ब्रॅडलॉ शपथ घेतो म्हणाले, तर विरोधक म्हणाले की नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही, म्हणून तीही घेता येणार नाही. दोन्ही बाजूंनी अडवणूक. जून 1880 मध्ये त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडण्यात आलं. त्यांची जागा रिकामी ठरवली की नॉर्थॅम्प्टनचे लोक पुन्हा त्यांनाच निवडून देत: 1881, 1882, 1884, आणि मग 1885 च्या सार्वत्रिक निवडणुकीत.

या प्रकरणात त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं पाहा. पंतप्रधान ग्लॅडस्टन. वैयक्तिक आयुष्यात अत्यंत भाविक, धर्मशास्त्रावर लिहिणारा माणूस. 26 एप्रिल 1883 रोजी प्रतिज्ञेच्या विधेयकावर त्यांनी केलेलं भाषण मी दरवर्षी वर्गात वाचायला लावत असे. त्यांचा मुद्दा असा की ‘कोणता का होईना एक देव मान, मग आत ये’ ही अट धर्माचं रक्षण करत नाही, उलट धर्माला हलकं करते. ज्या देवाचा माणसाशी काही संबंधच नाही असा देव मानणाराही या अटीत बसतो, आणि प्रामाणिकपणे ‘मी मानत नाही’ म्हणणारा मात्र बाहेर राहतो. विधेयक अवघ्या तीन मतांनी पडलं. जानेवारी 1886 मध्ये नव्या सभापतींनी कुणाचाही आक्षेप ऐकून न घेता ब्रॅडलॉंना शपथ घेऊ दिली. ब्रॅडलॉंनीच पुढाकार घेऊन 1888 मध्ये कायदा करवला आणि ज्याला हवं त्याला शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क मिळाला.

ब्रॅडलॉंचा आपल्याशी थेट संबंध आहे. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ते संसदेत इतकं बोलत की त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणत. डिसेंबर 1889 मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा ते आजारातून उठून आले होते. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने 1889 च होती. 30 जानेवारी 1891 ला ते वारले. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे मोहनदास गांधी त्यांच्या अंत्यविधीला गेले होते आणि त्यांनी आत्मकथेत ते नोंदवलं आहे. ब्रॅडलॉ मृत्युशय्येवर असतानाच संसदेने त्यांच्याविरुद्धचा 1880 चा ठराव कामकाजाच्या नोंदीतून काढून टाकला.

मग लोकांच्या श्रद्धेचं काय? त्यासाठी एक दिवस महत्त्वाचा आहे, 30 मार्च 1851, रविवार. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रत्येक प्रार्थनास्थळात किती माणसं आली याची सरकारने गणती केली. लोकसंख्या सुमारे 1 कोटी 79 लाख. तिन्ही वेळच्या प्रार्थना धरून उपस्थिती भरली सुमारे 1 कोटी 9 लाख, पण यात सकाळी येऊन संध्याकाळी पुन्हा आलेली माणसं दोनदा मोजली गेली होती. अहवाल लिहिणाऱ्या होरेस मॅन यांचा अंदाज असा की येऊ शकत असूनही न आलेले 50 लाखांहून जास्त होते. आणि आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे राज्यमान्य चर्चच्या बाहेरचे. इंग्लंड हादरलं. अशी गणती इंग्लंडने पुन्हा कधी केली नाही.

डार्विनचं पुस्तक आलं 1859 मध्ये, या गणतीनंतर आठ वर्षांनी. शहरातला कामगार चर्चला जायचा थांबला होता तो उत्क्रांतीमुळे नव्हे. कारखान्यांची गावं पंचवीस-तीस वर्षांत फुगली, तिथे चर्चच पुरेशी नव्हती. जी होती त्यांतली चांगली बाकं भाड्याने दिलेली. पैसेवाल्यांची नावं लागलेल्या बाकांमागे गरिबांनी फुकटच्या जागेत बसायचं. रविवारी घालायला धड कपडे नाहीत याची लाज. मॅन यांनी हे स्पष्ट लिहिलं आहे. यात विज्ञान कुठेच नाही. डार्विन 1882 मध्ये वारले तेव्हा त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, म्हणजे राज्यमान्य चर्चच्याच सर्वांत मानाच्या जागी, पुरलं गेलं.

सुशिक्षितांच्या श्रद्धेला तडा गेला हे खरंच आहे, पण त्यातही जीवशास्त्रापेक्षा नीतीचा आणि इतिहासाचा वाटा मोठा होता. बायबल हा माणसांनी, वेगवेगळ्या काळी लिहिलेला ग्रंथ आहे असं जर्मन विद्वान अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दाखवत होते. आणि चांगल्या माणसालाही केवळ श्रद्धा नाही म्हणून अनंतकाळ नरकात जाळणारा देव न्यायी कसा, हा प्रश्न घराघरात लोकांना छळत होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप कोलेन्सो यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ते झुलू भाषेत बायबलचं भाषांतर करत होते. सोबत काम करणाऱ्या विल्यम एन्गिडी या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाच्या कथेपाशी विचारलं, हे सगळं खरंच घडलं का? सगळे प्राणी एका नावेत मावले? कोलेन्सोंना हो म्हणवेना. त्यांनी हिशेब मांडत बायबलची चिकित्सा सुरू केली आणि 1862 पासून ती छापली. केपटाउनच्या वरिष्ठ बिशपने त्यांना पदच्युत केलं. 1865 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ती कारवाई रद्दबातल ठरवली. धर्मगुरू पाखंडी आहे की नाही यापेक्षा त्याला काढण्याचा अधिकार कुणाला, हे आता न्यायाधीश ठरवत होते.

फ्रान्सची गोष्ट वेगळ्या स्वभावाची आहे. तिथे संघर्ष पंथापंथांचा नव्हता. एका बाजूला कॅथलिक चर्च आणि दुसऱ्या बाजूला क्रांतीचा वारसा सांगणारे प्रजासत्ताकवादी. 20 सप्टेंबर 1792 रोजी एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या: जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या चर्चकडून गावच्या महापौराच्या कचेरीत गेल्या आणि घटस्फोट कायदेशीर झाला. 1801 मध्ये नेपोलियनने पोपशी करार करून पाद्र्यांना सरकारी पगार सुरू केला, पण वह्या परत दिल्या नाहीत. आजही फ्रान्समध्ये चर्चमधलं लग्न लावायचं तर आधी महापौराच्या कचेरीतलं लग्न झालेलं असावं लागतं. घटस्फोट मात्र 1816 मध्ये राजेशाही परतल्यावर गेला आणि 1884 मध्ये परत आला. पुढे-मागे असंच सगळं शतक चाललं.

1880 च्या दशकात शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांनी शाळा हातात घेतली. 1881 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत, 28 मार्च 1882 च्या कायद्याने सक्तीचं आणि धर्मशिक्षणाविना. अभ्यासक्रमात ‘नैतिक व धार्मिक शिक्षण’ होतं त्या जागी ‘नैतिक व नागरी शिक्षण’ आलं. मात्र आठवड्यातला एक दिवस, रविवारखेरीज, शाळेला सुटी ठेवली, म्हणजे ज्यांना हवं त्या आईबापांनी मुलांना शाळेच्या इमारतीबाहेर धर्मशिक्षण द्यावं. 1886 मध्ये सरकारी शाळांत साधू-साध्वींनी शिकवणं बंद करण्याचं ठरलं. नोव्हेंबर 1883 मध्ये फेरींनी शिक्षकांना पत्र लिहिलं. वर्गात काही सांगण्यापूर्वी स्वतःला विचारा, की इथे बसून ऐकणाऱ्या एकाही बापाने प्रामाणिकपणे याला हरकत घेतली असती का? घेतली असती तर ते बोलू नका. शिक्षिका म्हणून मला हे वाक्य कायम पुरून उरलं आहे. चर्चने नागरी शिक्षणाच्या काही पाठ्यपुस्तकांवर बंदी घातली. ती वापरणाऱ्या मुलांना काही गावांत पाद्री प्रभुभोजन नाकारत. मुलांचे हाल दोन्हीकडून झाले.

1885 च्या मे महिन्यात थोर फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्युगो वारले. कोणत्याही चर्चची प्रार्थना आपल्याला नको, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्याच कागदावर पुढे लिहिलं होतं की प्रत्येक जिवाकडून मी प्रार्थना मागतो आणि मी देव मानतो. सरकारने 26 मे च्या हुकमाने पॅरिसमधलं पॅंथियन, जे त्या वेळी चर्च होतं, पुन्हा थोर माणसांचं स्मारक केलं आणि 1 जूनला ह्युगोंना तिथे ठेवलं. लाखो लोक रस्त्यावर होते. धर्माच्या विधीवाचून झालेली इतकी मोठी अंत्ययात्रा त्या शतकाने पाहिली नव्हती, आणि ज्याच्यासाठी ती निघाली तो माणूस आस्तिक होता.

रविवारच्या सुटीचंही असंच झालं. 1814 च्या कायद्याने रविवारी काम बंद ठेवणं सक्तीचं होतं, कारण तो प्रभूचा दिवस. प्रजासत्ताकाने 1880 मध्ये तो कायदा रद्द केला. मग दुकानांतले आणि कारखान्यांतले लोक सातही दिवस राबू लागले. 1906 मध्ये साप्ताहिक सुटी कायद्याने परत आली, दिवस बहुतांशी रविवारच राहिला, पण आता कारण कामगाराची विश्रांती. 

फ्रान्सच्या या कथेतली एक गोष्ट मात्र मला सलते. पुरुष चर्चपासून दूर होत गेले, बायका जात राहिल्या. फेरींनी 1870 मध्येच मांडलं होतं की बायका विज्ञानाच्या बाजूला आल्या नाहीत तर त्या चर्चच्याच राहतील. म्हणून 1880 मध्ये मुलींची सरकारी माध्यमिक विद्यालयं निघाली, हे त्याचं चांगलं फळ. पण बायका पाद्री सांगेल तसं मत देतील ही भीती पुढे करून याच प्रजासत्ताकवाद्यांनी त्यांना मतदानाचा हक्क दिला नाही. तो मिळाला 1944 मध्ये. धर्मसत्तेविरुद्ध लढणाऱ्यांनी अर्ध्या देशाला रांगेत थांबवून ठेवलं हे विसरता कामा नये.

जर्मनीबद्दल थोडक्यात. जर्मन साम्राज्याचे चॅन्सलर बिस्मार्क यांनी 1870 च्या दशकात कॅथलिक चर्चला कायद्याने आणि तुरुंगाने वाकवायचा प्रयत्न केला. 1875 मध्ये साम्राज्यभर नागरी विवाह आला आणि तो टिकला. बाकी दडपशाहीने उलटंच झालं; कॅथलिकांचा पक्ष वाढला, श्रद्धा घट्ट झाली, बिस्मार्कला माघार घ्यावी लागली. युरोपभर हे शतक नव्या भक्तीचंही होतं. फ्रान्समधल्या लूर्द गावी 1858 मध्ये मेरीचं दर्शन झाल्याचं सांगितलं गेलं, त्यानंतर तिथे यात्रेकरूंची जी रीघ लागली ती रेल्वेमुळेच शक्य झाली.

इटलीतला एक प्रसंग कोल्हापूरकरांना ठाऊक असेल. विलायतेहून परतताना छत्रपती राजाराम महाराज 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये ऐन तारुण्यात वारले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथे पद्धत नव्हती. खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू रीतीने अग्नी दिला. 1874 मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, ते आजही आहे. त्या दहनानंतर सहा वर्षांनी, 1876 मध्ये, मिलानला इटलीतलं पहिलं आधुनिक दहनगृह सुरू झालं. दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांत चर्चविरोधी मंडळी बरीच होती, आणि 1886 मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली. आपल्याकडे जो सर्वांत सनातनी संस्कार, तो तिथे चर्चविरोधाची खूण झाला.

आता आपल्याकडचं. इथे एकच एक राज्यमान्य चर्च नव्हतं, त्यामुळे युरोपातली गोष्ट जशीच्या तशी शोधायला गेलं तर सापडत नाही. पण धर्माकडचा पैसा आणि अधिकार दुसरीकडे वळण्याची उदाहरणं आहेत. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर कंपनीने ती लगेच मोडली नाही, पण त्या निधीतून 1821 मध्ये पुण्याला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि इतर सुधारकांनी अर्ज केला की या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्यासाठी वापरावा. पुण्यात केवढा गदारोळ झाला. अर्जदारांवर हल्ला होईल अशी भीती होती तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन संरक्षणाला गेले. पुण्यप्राप्तीसाठी ठेवलेला पैसा भाषेसाठी वळवणं, तेही संस्कृतासाठी नव्हे तर मराठीसाठी, ही माझ्या मते आपल्या इहवादी इतिहासातली पहिली मोठी लढाई. 1873 मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि भटजीवाचून लग्नं लागू लागली. त्यावर पुरोहितांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात दावे लावले. इथेही लढणारे नास्तिक नव्हते. फुले निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा एक देव, मानत होते.

गोव्याने वेगळी वाट धरली, कारण पोर्तुगालची उदारमतवादी क्रांती तिथे थेट पोहोचली. 1834 मध्ये लिस्बनने धार्मिक संघ विसर्जित केले आणि 1835 मध्ये गोव्यातले मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा जो भग्न मनोरा पर्यटक पाहतात, तो त्याच हुकमाचा परिणाम. देखभालीवाचून 1842 मध्ये तिथलं छत कोसळलं. सेंट मोनिका मठातल्या साध्वींना मात्र राहू दिलं होतं, नव्या घ्यायच्या नाहीत या अटीवर. त्यांतली शेवटची 1885 मध्ये वारली. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली, आणि 1910 मध्ये प्रजासत्ताक आल्यावर विवाह हा सर्वांसाठी नागरी करार ठरला.

ब्रिटिश मुलखात याच्या उलट. राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचं वचन होतं, आणि लग्न-वारसा हे ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्याकडे राहिलं. ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून 1872 मध्ये नागरी विवाहाचा कायदा झाला, पण त्यात अट अशी की वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन वा ज्यू धर्म मानत नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे जातीबाहेर लग्न करायचं तर आधी धर्मच नाकारायचा. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपसात ही अट शिथिल झाली, तीही एकत्र कुटुंबातून वेगळं होण्याच्या किमतीवर. कुणालाही धर्म न सोडता निबंधकासमोर लग्न करण्याची मोकळीक 1954 च्या विशेष विवाह कायद्याने दिली.

त्या कायद्यात लग्नाआधी 30 दिवसांची जाहीर नोटीस लावावी लागते. ही प्रथा इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आली, आणि तिचं मूळ चर्चमध्ये आहे: ठरलेलं लग्न तीन रविवार प्रार्थनेच्या वेळी जाहीर करायचं आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं. 1836 च्या कायद्याने ती घोषणा चर्चमधून काढून गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक मंडळाच्या बैठकीत वाचायला लावली. आपल्याकडे ती निबंधकाच्या फलकावर आली. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांना आज सर्वांत जास्त धास्ती याच नोटिशीची असते, आणि ती असावी की नसावी यावर आपल्या न्यायालयांत अजून वाद चालू आहे.